कायद्यात बसणारा वास

आमचं घर माझ्या नाकावर चालतं, असं माझा नवरा आल्यागेल्याला सांगतो. हसत सांगतो, पण ते खोटं नाही. टोरांटोच्या कडेला, एटोबिकोत, विमानतळाजवळ गोदामांची लांबच लांब ओळ आहे, त्यातल्या एका पत्र्याच्या इमारतीत मी फ्लेवर बनवते. सकाळी कच्चा कांदा खात नाही, केसांना तेल लावत नाही, अत्तराला तर कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. कागदाच्या अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या द्रवांत बुडवायच्या, नाकाखाली धरायच्या, थांबायचं, परत धरायच्या, यात माझा दिवस जातो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलंच तर "फूड फ्लेवर" एवढं सांगून मी हातातलं मोदकांचं ताट पुढे करते. लोक बिस्किटं आणि सरबतं डोळ्यांपुढे आणतात, आणि मी त्यांना आणू देते.

खरं म्हणजे आम्ही व्हेपमध्ये भरायचं पाणी बनवतो. पेनासारख्या नळीत भरून, तापवून, ज्याची वाफ लोक ओढतात ते. त्यात ग्लिसरीनसारखी साधी द्रव्यं असतात, निकोटिन असतं आणि वास असतो. बाकी सगळं पिंपांतून येतं, वास माझ्याकडून.

पुण्यात फूड टेक्नॉलॉजी शिकून, बिस्किटांच्या कारखान्यात चांगली जागा मिळवून मी इथे आले, तेव्हा मला कोणी दारात उभं करेना. जो तो कॅनेडियन एक्स्पिरियन्स मागायचा. तो द्यायला तयार झाला तो आमचा म्हातारा पंजाबी मालक. त्याने स्वतः वाफेच्या जोरावर सिगारेट सोडली होती आणि त्याची दुकानदारीवर नव्हे तर या गोष्टीवर श्रद्धा होती. "बेटा, हम ज़हर नहीं बेचते, ज़हर छुड़वाते हैं," असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. मला ते पटलं आणि अर्धंमुर्धं अजूनही पटतं. हातात व्हिस्कीचा ग्लास धरून माझ्या धंद्याला नाक मुरडणारे लोक भेटले की माझं डोकं फिरतं.

आई आली ती वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. सातारच्या बाजूला आमचं गाव. भाऊ म्हणाला, तिला थोडं हवापालटाला ने. मी आईवडिलांना इथे वर्षानुवर्षं राहू देणारा सुपर व्हिसा काढला आणि तिला घेऊन आले. सामानात दोन नऊवारी, गोधडी, चटण्या आणि मशेरीचा डबा होता.

मशेरी ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची आणि ती बोटानं हिरड्यांना लावून निवांत बसायचं. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, शेतातून आल्यावर. आमच्या गावात पुरुष तंबाखू खातात आणि बायका दात घासतात. वस्तू एकच, पण एक व्यसन आणि दुसरी स्वच्छता. माझे वडील तंबाखू मळायला बसले की आई त्यांच्यावर कडाडायची, आणि ते कडाडताना तिचं स्वतःचं बोट हिरडीवर फिरत असायचं. यात काही विसंगत आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही, मलाही नाही.

डबा संपत आला तशी तिने पिशवीच्या तळातून पानांची पुडी काढली आणि माझ्या स्वयंपाकघरात तवा ठेवला. पाच मिनिटांत स्मोक अलार्म कोकलायला लागला. नवरा मीटिंग अर्धवट टाकून धावत आला आणि स्टुलावर चढून अलार्मखाली टॉवेल फडकवायला लागला.

"आई, काय जाळताय तुम्ही?"

"जाळत न्हाय, भाजतीया. बंद करा की त्या भोंग्याला!"

"तंबाखू आहे ही!"

"मी काय तंबाखू खाती व्हय? दात घासाय लागतंय मला."

मी हसून हसून बेजार झाले. खिडक्या उघडल्या तरी तो वास घरात दोन दिवस राहिला. गरम लोखंडाचा, किंचित करपलेल्या गुळाचा, मागून येणारा कडवट. लहानपणी शाळेतून आले की दारातच तो वास यायचा आणि आई घरात आहे हे कळायचं. त्या दोन दिवसांत मला इतकं बरं वाटत होतं की मी कामावरही गुणगुणत होते.

मग तिची दाढ दुखायला लागली. डेंटिस्ट तरुण होती, मऊ बोलणारी. आईच्या वतीने मी उत्तरं देत होते. शुगर आहे का, बीपी आहे का, गोळ्या कुठल्या.

"तंबाखूचं काही?" तिने विचारलं.

"नाही, कधीच नाही," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. दिवसभर तंबाखूचे वास हुंगून पोट भरणारी मी बाई, आणि त्या क्षणी माझ्या मनात मशेरीचा म सुद्धा आला नाही.

तिने आईचा खालचा ओठ बाहेर ओढला आणि दिवा जवळ घेतला. मग मला बोलावलं. ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता, पाण्यात भिजून सुकलेल्या कागदासारखा. "ही इथे काय ठेवते?" तिने विचारलं, आणि तेव्हा कुठे मला मशेरीचा डबा आठवला.

पुढे मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या आहेत, असं ते म्हणाले. "ज्या कशाने हे झालंय ते आजपासून बंद. पुन्हा सुरू झालं तर पुढच्या वेळी मी तुम्हाला अशी बातमी देऊ शकेनच असं नाही." हे वाक्य मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजी आता दात बी घासायचं न्हाईत?" ती म्हणाली. पण घरी आल्यावर डबा आणि उरलेली पुडी तिनेच माझ्या हातात ठेवली. "टाकून दे कुटं लांब. मला दिसाय नगं."

सोडणं सोपं गेलं नाही. पोट साफ होईना, डोकं ठणके, कुणी बोललं तरी अंगावर यायची. एकदा वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताटावरून उठून गेली. बोलता बोलता तिचं बोट आपसूक ओठाकडे जायचं आणि मध्येच थांबायचं. ते थांबलेलं बोट बघवत नसे. मी तिला लवंगा दिल्या, बडीशेप दिली, खाली पार्कमध्ये फिरायला नेलं. पानगळ संपेपर्यंत तिने निभावलं. डॉक्टर चट्टा बघून म्हणाले, वाढलेला नाही, असंच राहू द्या. मला माझ्या आईचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. शेतात मजुरी करून तिने मला शिकवलं तेव्हाही नाही, कारण तेव्हा मला ते कळायचं वय नव्हतं.

याच दिवसांत कंपनीत पाचावर धारण बसली होती. क्यूबेक प्रांताने व्हेपमधले फळांचे, मिठाईचे सगळे वास बंद केले होते. अटलांटिककडच्या काही प्रांतांनी त्याआधीच केले होते. आमच्या ओंटारियोत अजून चालत होते, पण फक्त खास दुकानांत, काचा झाकून, एकोणीस वर्षांच्या आतल्याला पाऊलही टाकू न देता. ओटावात केंद्र सरकारचा बंदीचा मसुदा तयार आहे, आज येतो, उद्या येतो, अशी कुजबुज रोज चालायची. तो आला की आंबा, स्ट्रॉबेरी, कस्टर्ड, म्हणजे माझं इतक्या वर्षांचं सगळं काम, एका फटक्यात कचऱ्यात. मालकाने माझ्यासमोर खुर्चीत अंग टाकलं. "पुदीना और तंबाकू, बस यही बचेगा," तो म्हणाला. त्याचा चेहरा पाहून मला भडभडून आलं. ज्या दुकानांना आम्ही माल द्यायचो त्यांतली निम्मी आधीच गुंडाळण्याच्या बेतात होती.

अशा वेळी पैसा पळून जाईल असं मला वाटलं होतं. उलट तो चालत आला. डाउनटाउनमधल्या काही गुंतवणूकदार मंडळींच्या वतीने एक बाई यायला लागल्या. केस पांढरे, आवाज हळू, कधी घाईत नसायच्या. मी त्यांना विचारलं, सगळं बंद व्हायची वेळ आली आणि तुम्ही आता पैसे घालताय? त्या प्रेमाने हसल्या.

"नियम सैल असतात तेव्हा कोणीही गॅरेजमध्ये बसून हे बनवू शकतो," त्या म्हणाल्या. "नियम कडक झाले की चाचण्या लागतात, वकील लागतात, प्रत्येक बाटलीवर शिक्का लागतो. ते ज्यांना झेपत नाही ते जातात. उरलेल्यांना मग कोणी त्रास देत नाही. आम्ही कायद्याची वाट बघतोय, त्याला घाबरत नाही."

तोवर मी समजत होते की एका बाजूला सरकार आहे आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. या बाई दोन्हींत कुठेच बसत नव्हत्या. त्यांनी मसुदे इतक्या बारकाईने वाचले होते की त्यात काय सुटलंय हे लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. प्रत्येक मसुद्यात एक वास शेवटपर्यंत टिकत होता, तंबाखूचा. सिगारेट सोडणाऱ्यांना काहीतरी हवं म्हणून तो ठेवलेला. "आम्हाला असा तंबाखू द्या," त्या म्हणाल्या, "जो तंबाखू कधीच न आवडलेल्यालाही आवडेल. गोडवा घालायचा नाही, फळ घालायचं नाही. प्रयोगशाळेने तपासला तर तंबाखूच निघाला पाहिजे."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला आव्हान दिल्यासारखं वाटलं. कित्येक आठवडे मी झटत होते. प्रत्येक नमुना वापरलेल्या ॲशट्रेसारखा नाहीतर जुन्या बुटासारखा वास मारत होता. आणि एका सकाळी पट्टी नाकाखाली धरून बसले असताना मला कळलं की मी पुरुषांचा तंबाखू शोधतेय. मला बायकांचा हवा होता.

आईने टाकायला दिलेला डबा मी कामावरच्या कचऱ्यात टाकायला म्हणून आणला होता आणि तो माझ्या कपाटात तसाच पडून होता. मी तो उघडला. मग पुडीतली पानं छोट्या भट्टीवर भाजली आणि त्या वासाचे तुकडे एकेक करून वेगळे केले. भाजल्याचा, लोखंडाचा, गूळ न घालता होणारा गुळाचा भास, आणि शेवटी तो कडवटपणा, जो नाकात न राहता घशात उतरतो. एकेक द्रव्य थेंबाथेंबाने जुळवत गेले. जुळलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काम केलं नव्हतं.

त्या बाईंनी पट्टी नाकाखाली धरली, दूर नेली, परत धरली. "हे काय आहे?"

"तंबाखू," मी म्हणाले.

"मला माझ्या लहानपणचं स्वयंपाकघर आठवलं. आणि आमच्याकडे कुणीच तंबाखू घेत नसे," त्या म्हणाल्या. त्या कॅनडातच वाढलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात तव्यावर पानं भाजलेली असणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी पट्टी खाली ठेवली नाही, गप्पा मारता मारता सारखी नाकाकडे नेत राहिल्या. मी ते पाहत होते आणि आतून काहीतरी म्हणत होतं, हे थांबव. मी काही थांबवलं नाही.

पैसे आले. शेजारचं गोदाम घेतलं, नवी यंत्रं आली, बाटल्यांवर शिक्के लावायला वेगळा विभाग झाला. म्हाताऱ्या मालकाने आपला हिस्सा विकला आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण ज़हर छुड़वाते हैं वगैरे काही बोलला नाही. माझ्या दारावर पाटी लागली. मसुदा येवो न येवो, आमच्या फ्लेवरला आता कुठल्याच प्रांतात अडवणूक नव्हती. कायद्याने भिंत बांधताना जेवढं दार सोडलं होतं, बरोबर त्या मापाचा माल मी तयार केला होता.

घरी आई मजेत होती, निदान मला तसं वाटत होतं. पूर्वी मी कामावरून आले की ती टीव्हीसमोरून हलायची नाही. आता दारात येऊन उभी राहायची, माझा कोट स्वतः उतरवून घ्यायची, स्कार्फ घ्यायची. "दमलीस का ग?" म्हणून ते सगळं छातीशी धरून आत घेऊन जायची. मला भरून यायचं. नवरा चिडवायचा, "आम्हाला नाही असं कोणी दारात घ्यायला येत." माझा लॅबमधला पांढरा ॲप्रन मी धुवायला घरी आणायचे, तो टोपलीत सापडायचा नाही. तिच्या खोलीत उशीपाशी घडी घालून ठेवलेला असायचा. मी म्हणायचे, अगं आई, मळका आहे तो. ती म्हणायची, असू दे, उद्या धुती.

ज्या नाकावर माझं घर चालतं, त्या नाकाला हे कळलं नाही. दिवसभर त्या वासात राहून मला तो माझ्या अंगावर येतच नव्हता.

आई आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, बर्फाच्या वादळाचा इशारा आला म्हणून कंपनीने आम्हाला दुपारीच घरी सोडलं. नवरा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर माझा ॲप्रन आणि हातात काळी चपटी नळी. तिने ती ओठाला लावली, ओढली आणि वाफ अगदी सावकाश सोडली. मला बघून दचकली नाही. उलट हसली.

"लवकर आलीस?"

"हे कुठून आणलंस?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातनं. काच झाकलेली हाय बघ, आत लई उजेड."

"एकटी गेलीस? कसं सांगितलंस त्यांना?"

"तुज्या कोटाच्या खिशात ती कागदाची पट्टी असती की. ती दिली पोरीला. तिनं वास घेतला आन् बरोब्बर हेच काढून दिलं. मी म्हटलं तिला, माय डॉटर मेक. लई खूश झाली."

मी जमिनीवरच बसले. "तिने काही विचारलं नाही? वय, कार्ड?"

"माजं वय कोण इचारतंय, बाई?"

खरंच कोण विचारणार होतं! झाकलेल्या काचा, दारावरची पाटी, शिक्के, मसुदे, सगळा बंदोबस्त पोरांना अडवण्यासाठी होता. सत्तरी ओलांडलेली नऊवारीतली बाई कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हती. सरकारच्या नव्हती, त्या हळू बोलणाऱ्या बाईंच्या नव्हती आणि माझ्याही नव्हती.

"आई, अगं निकोटिन आहे यात. तंबाखूच आहे ती."

"तंबाखू कशी असंल? तू करतीस म्हटल्यावर." मग ती ॲप्रनवरून हात फिरवत म्हणाली, "तू कामाला गेलीस की घर गपगार असतंय. जावईबापू कानाला ते लावून बसत्यात. ह्यो वास आला की वाटतं, तू हायस घरात."

इतकी वर्षं मी तो वास आईचा म्हणून जपला होता. तिच्यासाठी तो माझा झाला होता.

मी तिला उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि ओठ ओढून पाहिलं. खोबणीत काळी पूड होती, ओली, ताजी. तिने नजर चुकवली. मंडळातल्या एका आजींच्या भाच्याने गावाकडून पुडी आणली होती, त्यातली त्यांनी हिलाही दिली होती.

"नुसत्या वाफेनं भागत न्हाय ग," ती पुटपुटली. "मशेरीची आठवण येती मग."

मी ओरडले, रडले, नळी खिडकीतून बर्फात भिरकावली. नवरा धावत आला. आई अपराध्यासारखी बसून राहिली आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्या उशीखाली दुसरी नळी होती. कामावर मी सांगितलं, मला हा फ्लेवर नकोसा झालाय. त्यांनी समजून घेतलं, मला दुसऱ्या प्रकल्पावर टाकलं. फ्लेवर आता त्यांचा होता. त्याला माझी गरज उरली नव्हती.

परवा मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्ट्यावर बोट फिरवलं, एका जागी थांबले, आणि पुन्हा तिथेच दाबून पाहिलं. या वेळी तुकडा मोठा काढला. रिपोर्ट यायचा आहे.

परतताना आई गाडीत माझ्या शेजारी बसली होती, ओठाच्या आत बोळा, गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं. आमच्या कोपऱ्यावर सिग्नल लागला. तिने माझ्या हातावर हात ठेवून मला तिकडे बघायला लावलं. झाकलेल्या काचांचं दुकान होतं. ती माझ्याकडे बोट दाखवत होती, मग दुकानाकडे, मग परत माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत माझं कौतुक होतं.